‘कॅरोलिन कीन’ला टोपणनाव म्हणावं का?

प्रश्न : नॅन्सी ड्रू या गुप्तहेर मुलीच्या इंग्रजी पुस्तकांवर लेखिका म्हणून कॅरोलिन कीन हे नाव असतं, पण अशी बाई कधी नव्हतीच. लिहिणारे वेगवेगळे होते. मुलांसाठी यावर लेख लिहितेय. कीनला ‘टोपणनाव’ म्हटलं तर चालेल? आणि प्रत्यक्ष लिहिणाऱ्यांना, म्हणजे इंग्रजीतल्या ‘घोस्टरायटर’ना, ‘भूतलेखक’? मुलांना वाटेल, भुतांच्या गोष्टी लिहिणारा!

उत्तर : नुसतं ‘टोपणनाव’ अपुरं पडतं. गडकरी एकच, पण कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम. इथे उलटं आहे : नाव एक, माणसं अनेक. हार्डी बॉइज या मुलांच्या रहस्यकथा-मालिकेचे ‘लेखक’ फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन हेही तसंच. त्या मालिकेतली सुरुवातीची बरीच पुस्तकं कॅनडाच्या लेस्ली मॅकफार्लेन यांची. तेव्हा ‘सामायिक टोपणनाव’ लिहा.

दुसरं उत्तर : ‘सामायिक’ मला पटत नाही. सामायिक म्हटलं की मालकीत वाटा आला, आणि वाटा तर कुणालाच नव्हता. एडवर्ड स्ट्रॅटेमायर यांची सिंडिकेट, म्हणजे अशा मालिका लिहवून घेणारी संस्था, कथेचा आराखडा द्यायची. लेखकाने त्यावरून अख्खं पुस्तक लिहायचं, ठरलेले पैसे घ्यायचे आणि हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची. १९३० साली नॅन्सी ड्रूचं पहिलं पुस्तक आलं, ते मिल्ड्रेड वर्ट यांनी लिहिलेलं (पुढे त्या बेन्सन झाल्या). मोबदला १२५ डॉलर, रॉयल्टी काही नाही. नाव सिंडिकेटच्या मालकीचं, म्हणून ‘संस्थेचं टोपणनाव’ म्हणा.

‘भूतलेखक’ तर नकोच. एखाद्या नेत्याचं आत्मचरित्र दुसऱ्याने लिहून दिलं, तर मुखपृष्ठावर निदान खऱ्या माणसाचं नाव असतं. इथे तेही नाही. ‘लेखनिक’ही चुकीचं, कारण लेखनिक सांगितलेलं उतरवून घेतो, आराखड्यातली नॅन्सी बोलती-चालती केली ती बेन्सनबाईंनी. ‘भाडोत्री लेखक’ मात्र कृपा करून लिहू नका, फार अपमानास्पद आहे. ‘पडद्याआडचे लेखक’ मुलांना लगेच कळेल.

प्रश्नकर्ती : ‘संस्थेचं टोपणनाव’ घेते. मग ‘अनेक अनाम लेखकांनी लिहिलेली मालिका’ हे वाक्य ठेवू ना?

दुसरं उत्तर : ‘अनाम’ काढा. १९८० साली प्रकाशकांचा वाद न्यायालयात गेला आणि बेन्सन यांनी तिथे साक्ष दिली. पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस त्यांची आहेत. नाव ठाऊक आहे, तर ते लिहा.