जेवणाऐवजी शेक घ्यायचा तर डब्यावर नेमकं काय बघायचं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. चाकणला फिरती पाळी आहे. पहिल्या पाळीला साडेपाचची बस असते, त्यामुळे नाश्ता होत नाही आणि दहाच्या सुट्टीत कँटीनचा वडापाव ठरलेला. त्या एका खाण्याच्या जागी पौष्टिक शेक घ्यायचा विचार आहे. वय ३६, उंची ५ फूट ७ इंच, वजन ८१ किलो. शाकाहारी आहे, अंडं नाही, दूध चालतं. वजन थोडं उतरलं तर हवंच आहे, पण दीड वाजेपर्यंत भूक धरली पाहिजे.

बाजारात चारशे रुपयांपासून तीन हजारांपर्यंत डबे आहेत आणि जवळपास सगळ्यांवर ‘संपूर्ण पोषण’ छापलेलं आहे. मागच्या बाजूचे कोणते आकडे बघून निवड करायची? पाण्यात घ्यायचा की दुधात? घरी करता येतो का?

आईचंही विचारायचं आहे. तिला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. रात्रीच्या जेवणाऐवजी तिला असा शेक दिला तर चालेल का?

मृणाल_आहार

आईंचं शेवटी लिहिते, कारण तिथे चूक महागात पडते. आधी तुमचं.

डबा उलटा केल्यावर पहिल्यांदा एका वेळची मात्रा किती ग्रॅमची आहे ते बघा. कोरड्या पावडरीत ग्रॅममागे साधारण पावणेचार ते साडेचार कॅलरी असतात. म्हणजे मात्रा ३० ग्रॅमची असेल तर तिच्यातून १३५ कॅलरींच्या वर काही मिळणार नाही, मग समोर काहीही लिहिलेलं असो. जेवणाची जागा घेणाऱ्या पावडरीची मात्रा ५५ ते ६५ ग्रॅम तरी असावी लागते. एवढ्या एका आकड्यावर दुकानातले निम्मे डबे बाजूला पडतात. त्यांतली काही दुधात घालायची माल्टची पेयं असतात, काही नुसती प्रोटीन पावडर. दोन्हींचा उपयोग वेगळा आहे.

वजन उतरवण्यासाठीच्या अशा शेकचे नियम युरोपीय संघाने २०१६ मध्ये बरेच काटेकोर केले. एका जेवणाला २०० ते २५० कॅलरी, त्यांतल्या २५ ते ५० टक्के प्रथिनांतून, चरबीतून ३० टक्क्यांच्या वर नाही, आणि बहुतेक जीवनसत्त्वं व खनिजं रोजच्या गरजेच्या किमान ३० टक्के. भारतातला डबा तपासायलाही ही पट्टी चांगली आहे. या पट्टीच्या वरच्या टोकाजवळचं ६० ग्रॅमचं उदाहरण देते: प्रथिनं २० ग्रॅम, फायबर सोडून कर्बोदकं २४, चरबी ७, फायबर ६. प्रथिनं आणि कर्बोदकं गुणिले ४, चरबी गुणिले ९, फायबर गुणिले २ केलं की २५१ कॅलरी होतात. कुठल्याही डब्यावर हा गुणाकार करून बघा. पाच-दहा कॅलरी इकडे-तिकडे चालतात, पन्नासचा फरक आला तर डबा ठेवून द्या.

२० ग्रॅम प्रथिनं का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. तीन जेवणांत वाटली तर प्रत्येकी १८. शाकाहारी ताटात दुपारी-रात्री ती पुरी होतातच असं नाही, म्हणून शेकमधून थोडी वर घ्या. पोट दीड वाजेपर्यंत धरण्याचं कामही मुख्यतः प्रथिनं आणि फायबरच करतात. फायबर ५ ग्रॅमच्या खाली असेल तर साडेअकराला परत कँटीनकडे पावलं वळतील.

सूक्ष्म पोषकांत तुम्ही चार ओळी शोधा: बी१२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम. कॅल्शियमची रोजची शिफारस १००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे एका शेकमध्ये ३०० च्या आसपास हवं. यादीत ही नावंच नसतील तर ‘संपूर्ण’ या शब्दाला आधार उरत नाही.

साखरेच्या दोन ओळी असतात, एकूण साखर आणि वरून घातलेली साखर. दुधातलं लॅक्टोज पहिल्या ओळीत धरलं जातं, त्याची काळजी नको. दुसरी ओळ ५ ग्रॅमच्या आत ठेवा. शेजारी टक्केवारी असेल तर ती दिवसाला ५० ग्रॅम साखर धरून काढलेली असते. त्यामुळे १० ग्रॅम साखरेपुढे ‘२० टक्के’ दिसतं आणि ते वाचताना कमी वाटतं.

मिक्सिंग_प्लांट

वरच्या प्रतिसादात पावडरीच्या बाजूने भर घालतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिली तीन नावं वाचली की डबा कळतो. दुधाची प्रथिनं, व्हे (दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतलं प्रथिन), सोया किंवा वाटाण्याचं प्रोटीन आयसोलेट (जवळजवळ निव्वळ प्रथिनाची पावडर) पहिल्या दोनांत असलं पाहिजे. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर घेऊ नका. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च तोडून केलेली पावडर. ती साखरेच्या ओळीत मोजली जात नाही, पण रक्तातली साखर जवळजवळ ग्लुकोजच्या वेगाने चढवते. म्हणून ‘साखर ०’ लिहिलेल्या डब्यातही कर्बोदकांची एकूण ओळ वाचायची.

प्रथिनांचा आकडा प्रयोगशाळेत सहसा नायट्रोजन मोजून काढतात आणि त्याला ठरावीक गुणकाने गुणतात. ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त अमिनो आम्लं घातली की नायट्रोजन वाढतो आणि प्रथिनं जास्त दिसतात. शरीराला मात्र ल्युसिन, लायसिन हवं असतं. घटकांत ग्लायसिन, टॉरिन ही नावं सुटी दिसली, तर छापलेल्या प्रथिनांच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

चमच्याचंही लक्षात घ्या. डब्यातला स्कूप आकारमानाने भरतो. वाहतुकीत पावडर दबते, नव्या डब्यात भुसभुशीत असते, तळाला बारीक चुरा बसतो. तोच स्कूप कधी ५२ ग्रॅम भरतो तर कधी ६४. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन-तीनदा वजन करून आपली खूण ठरवून घ्या. जीवनसत्त्वांचं मिश्रण अगदी थोडं असतं आणि पावडर थरांत वेगळी होते, म्हणून आठवड्यातून एकदा बंद डबा आडवा धरून चार-पाच वेळा फिरवा, मग उघडा.

गुठळ्या होतात त्या क्रम चुकल्याने. आधी गार किंवा साधं पाणी, वर पावडर, मग शेकर. पावडरीवर पाणी ओतलं की तळाला चिकटा बसतो. कडक गरम पाणी घातलं तर व्हे आकसतं आणि दाणेदार लगदा होतो. ६० ग्रॅमला २५० ते ३०० मिली पाणी, पाऊण मिनिट हलवणं, दोन मिनिटं थांबणं, परत दहा सेकंद हलवणं. मधल्या दोन मिनिटांत ग्वार गम किंवा झँथन गम फुगतो आणि शेक दाट होतो. दाट शेक पोटात जास्त वेळ राहतो.

पावसाळ्यात ओला चमचा आत गेला की डबा संपला म्हणायचं. आतली ओलावा शोषणारी पुडी काढून टाकू नका. भिजवलेला शेक आपल्या हवेत दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचा नाही. घरून साडेपाचला भिजवून दहाला प्यायचा बेत असेल तर तो सोडा. शेकरमध्ये कोरडी पावडर न्या, पाण्याची बाटली वेगळी.

रात्रपाळी

खूप उपयोगी. सध्या घरात असलेल्या डब्याचे आकडे देतो: मात्रा ३३ ग्रॅम, ऊर्जा १२६, प्रथिनं ७, कर्बोदकं २१, एकूण साखर ९, वरून घातलेली ८, चरबी १.५, फायबर १.५. शेजारच्या रकान्यात ‘२०० मिली दुधासोबत’ ऊर्जा २४६, प्रथिनं १३. डबा ४०० ग्रॅमचा. दुधात घेतला तर चालून जाईल का?

मृणाल_आहार

नाही चालणार. दुधाच्या रकान्यातून नुसत्या पावडरीचे आकडे वजा करून बघा: १२० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं गवळ्याची आहेत. पावडरीतून ७ ग्रॅम प्रथिनांबरोबर ८ ग्रॅम साखर येते, आणि फायबर दीड ग्रॅम. दूध घातल्यावरही फायबर दीडच राहतं, कारण दुधात ते नसतं. तास-दीड तासात भूक लागेल.

खर्चही मात्रेवर काढा. ४०० भागिले ३३, म्हणजे बारा वेळा. मोठी मात्रा असलेला एक किलोचा महाग डबा सोळा-सतरा वेळा जातो. डब्याची किंमत त्याच्यात येणाऱ्या जेवणांनी भागली की खरी तुलना होते.

दूध की पाणी, याचं उत्तर डब्यावरच मिळतं. पाण्यातला शेक २०० कॅलरींच्या वर आणि २० ग्रॅम प्रथिनांचा असेल तर पाणीच घ्या, दुधाने कॅलरी साडेतीनशेवर जातात. १८० कॅलरी आणि १४-१५ ग्रॅम प्रथिनं असतील तर २०० मिली टोन्ड दूध घालून हिशेब जमतो. दुधाने पोट फुगत असेल तर व्हे कॉन्सन्ट्रेटपेक्षा आयसोलेट बरं, त्यात लॅक्टोज फार थोडं असतं.

कोठीघर

घरचं प्रमाण देते. दहा वेळांसाठी: सालीसकट फुटाणे ३०० ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर २००, भाजलेले सोललेले शेंगदाणे १५०, भाजलेलं जवस ७०. एका वेळी ७२ ग्रॅम, ३०० मिली पाण्यात. साधारण ३०० कॅलरी, प्रथिनं १८ ते १९ ग्रॅम, फायबर ७-८, चरबी ११-१२. चरबी वरच्या युरोपीय पट्टीपेक्षा थोडी जास्त आहे, पण ती शेंगदाणा आणि जवसाची आहे.

कृतीत तीन ठिकाणी बिघडतं. शेंगदाणे कोमट असताना फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. पूर्ण गार करा, निम्म्या फुटाण्यांबरोबर थांबून थांबून फिरवा, फुटाण्याचं पीठ तेल धरून ठेवतं. दुधाची पावडर मिक्सरला लावू नका, भांडं तापलेलं असतं आणि ती चिकटते. बाकी सगळं दळून गार झाल्यावर हाताने मिसळा आणि मैद्याच्या नाही, रव्याच्या चाळणीने चाळा. तिसरं म्हणजे पावडर घेताना डेअरी व्हाइटनर उचललं जातं. त्यात साखर असते. पाकिटावर ‘स्किम्ड मिल्क पावडर’ हेच नाव हवं.

फुटाण्याऐवजी तयार सातूचं पीठ वापरायचं तर घटक वाचा. आपल्याकडच्या सातूत गहू असतो, त्यामुळे प्रथिनं कमी भरतात. बिहारी सत्तू निव्वळ हरभऱ्याचा मिळतो, तो चालेल.

जवस आणि दाण्यामुळे मिश्रणाला खवट वास लवकर येतो. आठवड्यापुरतंच करा, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. गोड हवं असेल तर बिया काढून दोन खजूर. मला विचाराल तर चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लिंबू जास्त छान लागतं. दुधाच्या पावडरीमुळे लिंबू मात्र पिण्याच्या आधीच पिळायचं, नाहीतर फाटतं.

पहिले चार दिवस निम्मीच मात्रा घ्या. एकदम ७-८ ग्रॅम जादा फायबर गेलं की गॅस होतो. विकतच्या डब्यात इन्युलिन (वरून घातलेलं एक विरघळणारं फायबर) असेल तरी हेच.

मृणाल_आहार

कोठीघर यांचं प्रमाण चोख आहे आणि दिवसातून एकदा घ्यायला मला पसंत आहे. दोन वेळा मात्र नको. त्यात ड जीवनसत्त्व नाही, बी१२ फक्त दुधाच्या पावडरीतून येतं, आणि फुटाण्यातलं लोह कमी शोषलं जातं. लिंबाने लोहाचं शोषण सुधारतं, त्यावर लगेच चहा घेतला तर परत घटतं. चहा तासाभराने घ्या.

आता आई. ग्लिमेपिराइड पोटात अन्न येणार हे धरून इन्सुलिन सोडायला लावतं. दोन भाकऱ्या, आमटी आणि भाताच्या ताटात ७०-८० ग्रॅम कर्बोदकं सहज असतात, शेकमध्ये २४. गोळी तीच ठेवून ताटाच्या जागी शेक दिला तर रात्री झोपेत साखर खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिन एकटं असतं तर हा धोका फार कमी असता. त्यामुळे डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस ठरवून देईपर्यंत सुरू करू नका. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरींच्या शेकवर तीन ते पाच महिने ठेवलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्क्यांचा टाइप २ मधुमेह वर्षाअखेरीस गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. पण तिथे मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या आणि सगळं दवाखान्याच्या देखरेखीखाली चाललं होतं.

डॉक्टरांकडे जाताना डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट न्या. मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल तर जादा प्रथिनं, पोटॅशियम आणि फॉस्फरस चालत नाही. थायरॉइडची गोळी असेल तर ती आणि शेक यांत चार तासांचं अंतर, कॅल्शियम, लोह आणि सोया तिचं शोषण अडवतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर शेकमधलं के जीवनसत्त्व त्यांना सांगा.

परवानगी मिळाल्यावर पहिला आठवडा रात्रीऐवजी सकाळच्या नाश्त्याला द्या, म्हणजे काही झालं तर घरचे जागे असतात. घेण्यापूर्वी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली आली किंवा घाम, थरथर सुटली तर ग्लुकोजची पावडर १५ ग्रॅम पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. वर आली नसेल तर तेवढीच पुन्हा द्या. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखान्यात न्या.

रात्रपाळी

आईचं डॉक्टरांना विचारूनच करतो. माझ्यासाठी घरचंच मिश्रण घेईन. दहाच्या सुट्टीत पंधराच मिनिटं मिळतात, तेवढ्यात प्यायलेला चालतो ना?

मिक्सिंग_प्लांट

चालतो, पण दोन घोटांत संपवू नका. सुट्टी सुरू होताच पाणी घालून हलवा, फुटाण्याचं पीठ भिजायला तीन मिनिटं द्या, मग उरलेल्या वेळात सावकाश प्या. सोबत चावायला एक पेरू किंवा काकडी ठेवा. शेकर तिथेच साध्या पाण्याने विसळून झाकण उघडं ठेवून बॅगेत टाका. दुपारपर्यंत बंद राहिला तर रबरी कड्याखाली दूध आंबतं आणि तो वास नंतर साबणाने जात नाही. ते कडं रोज काढून धुवा.