एटोरवास्टॅटिन चालू असताना ग्रेपफ्रूट, पपनस चालतं का?

यावलकर: आप्पांना (वय ६८) कोलेस्ट्रॉलची गोळी एटोरवास्टॅटिन २० मिग्रॅ रात्री जेवणानंतर चालू आहे. पुण्याहून ग्रेपफ्रूटची पेटी आलीय. सकाळी रस नि रात्री गोळी, एवढं अंतर ठेवलं तर चालेल का? शेतातली मोसंबी नि परसातलं पपनस?

गिरणाकाठ: भाऊ, अंतर ठेवून उपयोग नाही. लहान आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं. गोळीचा काही भाग ते रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकतं आणि डोस ते धरूनच ठरलेला असतो. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमारिन्स नावाची द्रव्यं त्या एन्झाइमला कायमचं निकामी करतात. आतड्यात नवं तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून सकाळचा पेला रात्रीच्या गोळीलाही भोवतो. गोळी तेवढीच, पण रक्तात औषध जास्त, नि त्याचा त्रास स्नायूंना होऊ शकतो.

पपनसातही हीच द्रव्यं असतात, तेही टाळा. मोसंबी, संत्री बिनघोर खाऊ द्या.

औषधवाला_धुळे: पट्टीवरचं मोठं ब्रँडनाव सोडा, खालचं मूळ औषधाचं नाव वाचा. सिम्वास्टॅटिन, लोवास्टॅटिन असेल तर ग्रेपफ्रूट पूर्ण बंद. एटोरवास्टॅटिनवर परिणाम त्यांच्याहून कमी; चुकून चार फोडी खाल्ल्या तर घाबरू नका, पण रोजचा पेला नको. रोसुवास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन या वाटेने फारसं मोडतच नाही, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. हृदयरोगाच्या काही कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिनसोबत स्टॅटिन (याच गटातलं कोलेस्ट्रॉलचं औषध) असतं, तिकडे हमखास दुर्लक्ष होतं.

क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) आणि इट्राकोनाझोल (बुरशीवरचं औषध) हेच एन्झाइम अडवतात. खोकल्याला किंवा गजकर्णाला औषध घेताना स्टॅटिन चालू असल्याचं आधी सांगा.

यावलकर: दोन दिवस रोज एक पेला झालाय. आता? आणि केळी?

गिरणाकाठ: रस थांबवा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. दोन्ही मांड्या, खांदे कारण नसताना दुखू लागले, उकिडवं बसून उठता येईना, तर डॉक्टरांना सांगून रक्तातली सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढते ती) तपासा. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते.

केळीचं स्टॅटिनशी काही वाकडं नाही. मात्र आप्पांना टेल्मिसार्टन (रक्तदाबाची गोळी) चालू असून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल, तर केळ्यातलं पोटॅशियम रक्तात साठू शकतं; रोज किती केळी चालतील ते पोटॅशियम तपासून ठरवा.