दुपारचा इंग्रजी चहा: खरा कुठला, लंडनचा की बोटीवरचा?

टेम्सकाठची

सप्टेंबरात आईबाबांना घेऊन क्वीन मेरी २ या बोटीने साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला गेले. सात रात्री. परत आल्यापासून माझं एक मत पक्कं झालंय. इंग्रजांचा रीतसर दुपारचा चहा, म्हणजे काकडीची सँडविचेस, स्कोन (भट्टीत भाजलेले छोटे, जाडसर पाव), केक आणि किटलीभर चहा, आता लंडनपेक्षा बोटीवर जास्त शाबूत आहे.

आदल्या वर्षी आईला लंडनमधल्या एका नावाजलेल्या हॉटेलात नेलं होतं. दीड तासाची वेळ ठरलेली. तिमजली स्टँड आला, फोटो झाले, आणि आईचा दुसरा कप अर्धा असताना बिल टेबलावर. आई म्हणाली, "पंगतीत बसलोय असं वाटलं, मागे लोक खोळंबलेत."

बोटीवर साडेतीनला क्वीन्स रूममध्ये वाद्यं सुरू होतात आणि पांढरे हातमोजे घातलेले वेटर रांगेने आत येतात. स्टँड नसतोच. तबकं घेऊन ते टेबलांमधून फिरत राहतात, हवं ते हवं तितकं घ्या. पैसे तिकिटातच आलेले. पश्चिमेकडे जाताना सातातल्या पाच रात्री घड्याळ तासभर मागे करतात, त्यामुळे दिवस पंचवीस तासांचा. बाबा रोज खिडकीशी तीच खुर्ची धरायचे आणि कपातल्या चहावर उठणाऱ्या बारीक थरथरीकडे बघत बसायचे. ही फुरसत जमिनीवर कुठे मिळते ते सांगा.

डेव्हनातला देवगडकर

पूर्ण असहमत. तुम्ही फुरसतीबद्दल बोलताय, चहाबद्दल नाही.

हा चहा गाईगुरांच्या मुलखातला आहे. स्कोनवर लावतात ते क्लॉटेड क्रीम म्हणजे सोप्या भाषेत साय, पण आपल्या सायीची श्रीमंत थोरली बहीण. मलई पसरट भांड्यात मंद आचेवर तासन् तास तापवतात, मग हलू न देता निववतात. वर पिवळसर, किंचित दाणेदार पापुद्रा धरतो. त्यात निदान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. डेव्हन आणि कॉर्नवॉल हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येचे शेजारी परगणे. कॉर्नवॉलच्या क्रीमला तर १९९८ पासून युरोपात भौगोलिक नावाचं संरक्षण मिळालं. आमच्याकडे डेव्हनात आधी क्रीम आणि वर जॅम, कॉर्नवॉलात बरोबर उलटं, आणि दोन्हीकडची माणसं यावर मनापासून भांडतात. ज्या मातीत असं भांडण होतं तिथेच तो पदार्थ जिवंत असतो.

स्कोनचं तर आयुष्यच अर्ध्या तासाचं. माझ्या घराजवळच्या शेतावर एक बाई भट्टीतून काढून फडक्यात गुंडाळूनच आणून देतात. चाकू लावू नका म्हणतात, हातांनी उकला. वाफ येते. शेकडो माणसांसाठी केलेल्या तबकातल्या स्कोनमधून ती यायची नाही. आणि लंडनच्या वेळांचं म्हणाल, तर तिथल्या रिट्झ हॉटेलच्या पाम कोर्ट या दालनात सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत पाच पाळ्या लावाव्या लागतात, कारण लोकांना तो चहा तिथेच प्यायचाय.

टेम्सकाठची

देवगडकर, तुम्ही सांगताय तो क्रीम टी: स्कोन, जॅम, क्रीम, चहा, संपलं. तो मलाही प्रिय आहे, पण माझा धागा त्यावर नाही. दुपारचा चहा सुरू झाला तो बड्या घरात. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी वोबर्न ॲबी या आपल्या वाड्यात ही प्रथा पाडली असं सांगतात. रात्रीचं जेवण आठपर्यंत लांबायचं, चार-पाचला पोटात खड्डा पडायचा, म्हणून चहा-ब्रेड-केक खोलीत मागवायच्या. मग मैत्रिणींना बोलवायला लागल्या. म्हणजे मूळ गोष्ट मोकळ्या वेळाची आणि गप्पांचीच. सकाळी साडेअकराला पोटात कसला खड्डा?

गॅलीतला गुहागरी

अकरा वर्षं बोटींवर काढली, त्यातली सहा चहाच्या सेवेत. कुठल्या कंपनीची बोट ते सांगत नाही. दोघांनाही थोडं थोडं सांगायचंय.

देवगडकर दादा, स्कोनचं तुमचं खरं आहे. आम्ही चार-चार खेपांत भाजायचो, पण शेवटच्या टेबलापर्यंत वाफ पोचत नाही. मात्र पाण्याच्या बाबतीत बोट जिंकते. लंडनचं पाणी जड, चुन्याचं. काळ्या चहावर तवंग धरतं आणि कपाला डागाची कड बसते. बोटीवर समुद्राचं पाणी गाळून किंवा वाफवून गोडं करतात, क्षार मोजकेच परत घालतात. त्याच पत्तीचा चहा बोटीवर जास्त लख्ख उतरतो, रंगावरून कळतं.

समुद्र खवळला की आम्ही टेबलक्लॉथवर पाणी शिंपडायचो. ओल्या कापडावर बश्या घसरत नाहीत. कप पाऊणच भरायचा. किटली धरायची ती बोट कलते त्याच्या उलट बाजूला वजन टाकून. हे कुणी शिकवत नाही, दोन कप फुटले की येतं.

आता ताई, तुमची फुरसत. तुमचा तो तास आमचा सगळ्यात धावपळीचा. जेवणाची भांडी अडीचला आत येतात, साडेतीनला हातमोजे चढवून रांगेत, पाचला तीच माणसं रात्रीच्या जेवणाची टेबलं लावत असतात. आठ-नऊ महिने, सुट्टीचा वार नाही. मला या कामाचा अभिमान आहे, म्हणूनच ते हिशेबात धरावं असं वाटतं. डचेसबाईंच्या घरीही तबक कुणीतरी आणतच असणार.

टेम्सकाठची

हे वाचून गप्प झाले. आईने तिसऱ्या दिवशी आमच्या वेटरला विचारलं होतं, "तू चहा कधी पितोस?" तो नुसता हसला होता. मला तेव्हा ते लक्षात घ्यायला हवं होतं. तरी माझं मत तेच आहे. तिथे आईला कुणी उठवलं नाही.

हार्बर लाइन

मुंबईकडून एक दुरुस्ती. आपल्याकडची हॉटेलं या चहाला सरसकट 'हाय टी' म्हणतात. इंग्लंडात हाय टी म्हणजे गिरणी-खाणकामगारांचं संध्याकाळचं भरपेट जेवण, मांस, बटाटे आणि सोबत चहा. नाजूक सँडविचांशी त्याचा संबंध नाही.

पण ताजमधल्या सी लाउंजचा चहा मला लंडन आणि बोट या दोन्हींपेक्षा आवडतो. स्कोनशेजारी बटाटावडा आणि भेळ, खिडकीत गेटवे आणि लाँचेस.

डेव्हनातला देवगडकर

बटाटावडा मलाही जीव की प्राण. पण धागा पारंपरिक चहाचा आहे. तो छान फराळ झाला, परंपरा नाही.

हार्बर लाइन

परंपरा कुठली धरायची? आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्या लंडनच्या लिलावात आल्या जानेवारी १८३९ मध्ये. म्हणजे डचेसबाईंच्या किटलीत बहुधा चिनी पत्ती असणार. आज तुमच्या डेव्हनातल्या बाई आसाम ओततात आणि त्याला तुम्ही अस्सल म्हणता. पत्ती बदललेली चालते, मग वडा का नाही? भारतातून गेलेलं पेय, भारतातला पदार्थ. माझ्या मते तिथला वडा काकडीच्या सँडविचइतकाच हक्काचा आहे.

डेव्हनातला देवगडकर

पत्तीचा मुद्दा बिनतोड आहे, मानतो. स्कोनचा मात्र सोडणार नाही. गुहागरी, पुढच्या वर्षी बायको बोटीवर न्यायचं म्हणतेय. गरम स्कोन हवा असेल तर काय करू?

गॅलीतला गुहागरी

दार उघडायच्या दहा मिनिटं आधी रांगेत उभे राहा आणि वेटर आत येतात त्या दरवाजाजवळचं टेबल धरा, खिडकीचं नको. पहिली खेप तिथे पोचते. आणि वारा सुटलेल्या दिवशी नक्की जा. निम्मे प्रवासी खोलीत पडून असतात, तबक तुमच्यापाशी चारदा येईल. बसल्यावर टेबलक्लॉथला हात लावून बघा, ओला लागेल.