मदत हवी आहे: धडधाकट बोकडाच्या कलेजीत पाण्याचे फोड

यवतमाळकडे आमच्या बेरारी शेळ्या आहेत. पोळ्याच्या करीला बोकड कापला. चरणं, रवंथ, अंगकाठी सगळं उत्तम. पण कलेजीत अन् फुफ्फुसात रुतलेले, जाड सालीचे, पाण्यानं भरलेले पांढरे फोड निघाले. हायडॅटिडच (कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीच्या अळीमुळे होणारे फोड) असेल का? आतड्यावरच्या चरबीला लोंबणारी पातळ पिशवी वेगळ्या फीतकृमीची असते, हे तसं नव्हतं. कुत्र्यांच्या तोंडी लागू नये म्हणून बाकीचं खोल पुरलं, एक तुकडा बर्फात ठेवलाय. कुत्र्याच्या विष्ठेतली या कृमीची अंडी माणसाच्याही पोटात जातात, अन् घरात लहान लेकरं आहेत, त्याचीच जास्त काळजी.

नमुना नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात बर्फातच न्यावा की फॉर्मॅलिनमध्ये? जिवंत शेळीत सोनोग्राफीनं ओळखता येतं का? कुत्र्यांना प्राझिक्वांटेल (जंताचं औषध) किती दिवसांनी द्यावं? जाणकारांनी कृपया सांगा.