मदत हवी आहे: पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकताना 'सिक्युरिटी व्हायोलेशन' येतंय

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बाबांचा लॅपटॉप २०१७ चा आहे, आय फाइव्ह सातव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी त्यात विंडोज १०, आणि शिवाय १ टीबीची साधी हार्डडिस्क जिच्यात घरातले सगळे फोटो आणि बाबांचे दिवाळी अंकांसाठी लिहिलेले लेख. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ टाकायला गेलं तर प्रोसेसर चालत नाही म्हणून हाकलून लावतंय, आणि मशीन तर ठणठणीत आहे, म्हणून म्हटलं लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकू. विंडोज काढायचं नाहीये कारण बाबांचे जुने लेख श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये) आहेत, ते त्यांना अधूनमधून उघडावे लागतात. म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी हवंय.

भावाने ओळखीच्या दुकानातून मिंट २२ चा तयार पेनड्राइव्ह करून आणलाय, १६ जीबीचा. लॅपटॉपला लावला, एफ १२ दाबून बूट मेनूत गेले, पेनड्राइव्हचं नाव दिसतं, एंटर मारलं की लगेच चौकट येते 'व्हेरिफिकेशन फेल्ड, सिक्युरिटी व्हायोलेशन', कंसात शून्य एक्स १ ए असं काहीतरी. ओके केलं की निळा स्क्रीन येतो, 'शिम यूईएफआय की मॅनेजमेंट', दहा सेकंद उलटे मोजतो आणि परत विंडोज. गंमत म्हणजे हाच पेनड्राइव्ह शेजारच्या काकांच्या जुनाट डेस्कटॉपवर झक्कास चालतो, मिंटचा हिरवा लोगोबिगो सगळं येतं. म्हणजे पेनड्राइव्ह चांगला असावा ना? दुकानदार म्हणतो तुमचा लॅपटॉपच लिनक्स घेत नाही, नवीन घ्या. असं असतं का खरंच? सुट्टी संपून पुण्याला परतायच्या आत उरकायचंय, प्लीज कुणीतरी सांगा.

बिनपगारी फुलअधिकारी

लॅपटॉप लिनक्स घेत नाही वगैरे काही नसतं हो ताई. पेनड्राइव्ह उघडून बघा, त्यात एकच भली मोठी आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या इन्स्टॉल डिस्कची एका फाइलीतली प्रत) तशीच्या तशी ठेवलेली दिसते का? आणि काकांच्या डेस्कटॉपवर मिंटच्या आधी एक यादी येते का, ज्यात आयएसओचं नाव निवडावं लागतं?

कोयनाकाठ

हो हो! एकच फाइल आहे, २.८ जीबीच्या आसपास. आणि काकांकडे आधी एक यादी आलेली, त्यात मिंटचं एकच नाव होतं.

बिनपगारी फुलअधिकारी

म्हणजे व्हेंटॉय. दुकानवाले हेच वापरतात, एकाच पेनड्राइव्हवर दहा आयएसओ टाकता येतात, दर वेळी नव्याने लिहायला नको. फक्त ज्या मशीनवर सिक्युअर बूट (ओळख पटलेल्या प्रोग्रामनाच सुरू होऊ देणारा पहारेकरी) चालू आहे तिथे व्हेंटॉयची ओळख एकदा पटवून द्यावी लागते. काकांच्या जुन्या डेस्कटॉपला सिक्युअर बूट ही भानगडच नसणार म्हणून तिथे बिनतक्रार चालला. पेनड्राइव्ह पण चांगला, लॅपटॉप पण चांगला.

आता तो निळा स्क्रीन येतो ना, तिथे दहा सेकंदांच्या आत कुठलंही बटण दाबा. मेनू येईल, त्यात 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडा, मग व्हीटॉयईएफआय नावाचा भाग दिसेल त्यात शिरा, तिथे एक लांबलचक नावाची सर्टिफिकेटची फाइल असते, नावातच 'एनरोल धिस की' असं लिहिलेलं असतं, ती निवडा, कंटिन्यू, येस, रीबूट. एकदाच करायचं, पुन्हा विचारत नाही. सिक्युअर बूट बंद करूनही काम होतं पण मी तरी तो शेवटचा उपाय ठेवतो.

रात्रपाळी

थांबा थांबा, बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) कशालाही हात लावायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, बघा!! होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने गुपचूप चालू असतं कधीकधी. सेटिंग्जमध्ये सर्चला टाकून बघा. चालू असेल आणि तुम्ही सिक्युअर बूट इकडचं तिकडे केलंत तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसेल आणि ती बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि त्या खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, हे नाटक मी ऑफिसात इतक्यांदा पाहिलंय. की आधी खात्यातून कागदावर उतरवून घ्या मगच पुढे.

सोयीस्कर

मुळात एवढा खटाटोप कशाला? घरगुती वापरासाठी विंडोज १० ला जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सेटिंग्ज सिंक चालू ठेवलं तर पैसेही पडत नाहीत. नाहीतर रुफस नावाचं अॅप घ्या, ११ चा पेनड्राइव्ह बनवताना त्यात टीपीएम (सिक्युरिटीची चिप), सिक्युअर बूटची अट काढायची टिकमार्क असते, लागलं ११.

बिनपगारी फुलअधिकारी

@सोयीस्कर, लागतं, पण अटीत न बसणाऱ्या हार्डवेअरवर टाकलेल्या ११ ला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्टच देत नाही. दर वेळी मोठा अपडेट आला की पुन्हा हीच कसरत, आणि ती करायला ताई पुण्याहून येणार का. आणि ऑक्टोबर २०२६ नंतर काय? ताईंनी मिंट विचारलंय, मिंटचंच बोलू.

कोयनाकाठ

झालं!! की टाकली आणि मिंट सुरू झालं. बिटलॉकर बंदच होतं, बघून घेतलं. पहिल्यांदा निवडलं तेव्हा नुसता काळा स्क्रीन आला, मग यादीत खाली 'कंपॅटिबिलिटी मोड' होता तो घेतला तर आलं.

आता नवीनच. इन्स्टॉल करायच्या आधी म्हटलं डिस्क बघू, तर डिस्क्स नावाच्या अॅपमध्ये फक्त १ टीबीची हार्डडिस्क आणि पेनड्राइव्ह दिसतोय. एसएसडी गायब! जिच्यात विंडोज आहे तीच नाही. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) पण दिलं, एसडीए ९३१.५ जी आणि एसडीबी पेनड्राइव्ह, बास. विंडोज मात्र व्यवस्थित चालू होतंय, म्हणजे एसएसडी मेलेली नाही. इन्स्टॉलर चालू केलं तर पहिलाच पर्याय 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल' आहे, तिथून मागे फिरले.

बिनपगारी फुलअधिकारी

मागे फिरलात ते फार चांगलं केलंत. 'इरेज' दाबलं असतं तर जी एकुलती एक डिस्क त्याला दिसतेय ती पुसली असती, म्हणजे फोटो आणि लेखांची. इन्स्टॉलरला तुमचं विंडोज कुठे आहे ते माहीतच नाही, त्याच्या मते या मशीनमध्ये एकच डिस्क आहे. तोवर त्या हार्डडिस्कचा बॅकअप घ्या कुठेतरी बाहेर, हे सगळं ठीक झालं तरी घ्या.

काळ्या स्क्रीनचं आधी सांगतो म्हणजे ते संपेल. तुमच्यात एनव्हीडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असणार. कंपॅटिबिलिटी मोड म्हणजे नोमोडसेट लावून, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बाजूला ठेवून, चालू करणं. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या वेळी तेच परत करावं लागेल कदाचित: ग्रबच्या (चालू होताना मिंट की विंडोज विचारणाऱ्या) यादीवर ई दाबा, लिनक्सने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यात 'क्वाएट स्प्लॅश'च्या पुढे नोमोडसेट लिहा, एफ १०. आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हीडियाचा ड्रायव्हर घ्या, मग कटकट नाही.

आता एसएसडी. टर्मिनल उघडा, सुडो डीमेसेज द्या (कर्नल म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी), एवढं मोठं भेंडोळं येईल, त्यात 'रीमॅप्ड' शब्द शोधा.

कोयनाकाठ

सापडला. 'फाउंड १ रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हायसेस. स्विच युअर बायोस फ्रॉम रेड टू एएचसीआय मोड टू यूज देम.' हे म्हणजे उत्तरच लिहून ठेवलंय की.

बिनपगारी फुलअधिकारी

हो, कर्नलवाले बिचारे स्पष्ट सांगतात, आपण वाचत नाही. कारखान्यातून निघतानाच बायोसमध्ये साटा मोड 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' असा ठेवलेला असतो, तुमच्याकडे खरंखुरं रेड (अनेक डिस्क जोडून एक करणं) काही नाही, एकच एसएसडी आहे, पण त्या मोडमध्ये इंटेलचा कंट्रोलर एनव्हीएमई डिस्क स्वतःच्या पदराआड घेतो. विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर असतो म्हणून त्याला दिसते, लिनक्सला दिसत नाही.

पण नुसतं बायोसमध्ये जाऊन एएचसीआय (डिस्कचा साधा मोड) करू नका. मिंटला दिसेल, पण विंडोज 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळं पडेल, कारण त्याने एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला लोड करायचं सोडून दिलेलं असतं. त्याला आधी सेफ मोडची वाट दाखवायची. क्रमाने करा:

विंडोजमध्ये विंडोज बटण आणि आर, तिथे एमएसकॉन्फिग, बूट टॅब, 'सेफ बूट'ला टिक, खाली मिनिमल. रीस्टार्ट, पण विंडोजमध्ये न जाऊ देता थेट बायोसमध्ये, साटा मोड एएचसीआय, सेव्ह. आता विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल, त्या वेळी तो सगळे ड्रायव्हर चाचपतो आणि एएचसीआयचा आपोआप उचलतो. मग परत एमएसकॉन्फिग, टिक काढा, रीस्टार्ट. झालं.

रात्रपाळी

यात एकच भर, सेफ मोडमध्ये पिन चालला नाही असं काही जुन्या बिल्डवर होतं, खात्याचा खरा पासवर्ड बाबांना माहीत आहे ना ते आधी लॉगिन करून बघा. आणि पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज शटडाऊन केलं तरी ते अर्धवट झोपलेलंच असतं आणि मिंटमधून ती पार्टिशन नुसती वाचता येते, लिहिता येत नाही.

कोयनाकाठ

बाबांना पासवर्ड माहीत होता, डायरीच्या शेवटच्या पानावर, देवांच्या आरत्यांच्या खाली. सेफ मोडमध्ये अगदी टरकत टरकत गेले, फाँट मोठमोठे झालेले, बाबा मागून विचारतायत बिघडलं का, पण टिक काढून परत चालू केलं आणि विंडोज जसंच्या तसं. मिंटमधून बघितलं तर एसएसडी दिसतेय!

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ६० जीबीने कमी केला, मग इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' घेऊन त्या रिकाम्या जागेत ईएक्सटी ४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) केलं, ईएफआयच्या (बूटच्या फाइलींच्या) पार्टिशनला हात लावला नाही. इन्स्टॉल पूर्ण झालं असं म्हणतंय. पण रीस्टार्ट केलं की सरळ विंडोजच येतंय, मिंटचं नावही नाही. बूट मेनूत 'विंडोज बूट मॅनेजर' आणि 'उबुंटू' अशी दोन नावं आहेत. उबुंटू मी टाकलंच नाहीये, मिंट कुठे गेलं?

बिनपगारी फुलअधिकारी

तेच तुमचं मिंट. मिंट उबुंटूवर उभं आहे आणि बूटची नोंद 'उबुंटू' नावानेच करतं, नवीन माणूस हमखास इथे चकतो. बायोसमध्ये बूट ऑर्डरमध्ये उबुंटू सगळ्यात वर घ्या, ग्रबची यादी येईल, त्यात मिंट आणि विंडोज दोन्ही. विंडोजचा एखादा मोठा अपडेट झाल्यावर तो क्रम परत उलटा झाला तर घाबरू नका, पुन्हा वर घ्यायचं.

कोयनाकाठ

आलं! दोन्ही आलं. ड्रायव्हर मॅनेजरने एनव्हीडियाचा ड्रायव्हर पण घेतला. बाबा आत्ता मिंटमध्ये देवनागरी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावून युनिकोडमध्ये टाइप करून बघतायत, कुरकुरत, पण बघतायत. दुकानदाराला हा धागा वाचायला देणार आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक बारीकसं. मिंट वापरून मग विंडोजमध्ये गेलं की घड्याळ चुकतंय. दुपारी दोनला सकाळचे साडेआठ दाखवतं. बॅटरी गेली का आतली?

रात्रपाळी

बरोब्बर साडेपाच तास मागे ना? मग बॅटरी नाही. मिंट मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तेच घड्याळ भारतीय वेळ समजून वाचतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, जागा सोडून १, एंटर. सगळं इंग्रजी लहान अक्षरात. मग एकदा विंडोजमध्ये जाऊन 'सिंक नाऊ' करा.

कोयनाकाठ

जमलं. धागा बंद केला तरी चालेल, अॅडमिन.