मदत हवी आहे: सत्रसुट्टीत थायलंडहून लुआंग प्रबांगला नावेने जावे की रेल्वेने?

खडूफळा:
नमस्कार. मी थायलंडमधील एका शाळेत इंग्रजी माध्यमातून गणित शिकवते. पहिले सत्र संपत आले असून ऑक्टोबरचा बहुतेक महिना सुट्टी आहे, आणि या सुट्टीत लाओसमधील लुआंग प्रबांगला जायचे नक्की केले आहे. मेकाँगमधून दोन दिवसांच्या संथ नावेने जावे की नव्या रेल्वेने, एवढाच माझा प्रश्न आहे. कृपया व्हिसाबद्दल कोणी सांगू नये. माझ्याकडे वर्षभराचा व्हिसा आहे. या आठवड्यात आरक्षण करायचे असल्याने उत्तर लवकर मिळाल्यास उपकार होतील.

जुना भटक्या:
नावेनेच जावे, यात विचार करण्यासारखे काही नाही. थायलंडच्या बाजूला च्यांग खोंग, पलीकडे ह्वे साय. तिथून सकाळी नाव सुटते, रात्रीचा मुक्काम पाकबेंगला आणि दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर लुआंग प्रबांग. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने नदी भरलेली असते आणि दोन्ही तीरांवरचे डोंगर हिरवेगार असतात. फक्त 'स्पीडबोट' नावाच्या प्रकारात जीव धोक्यात घालून बसू नये.

रुळावरून:
भटक्यांच्या मताचा आदर ठेवून सांगतो की दोन दिवस बाकावर बसून पाठ मोडून घेण्याची आता गरज उरलेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लाओस-चीन रेल्वे सुरू झाल्यापासून लाओसची राजधानी व्हिएंतियानहून लुआंग प्रबांग साधारण दोन तासांत येते. पूर्वी याच अंतरासाठी घाटातल्या बसमध्ये अख्खा दिवस जात असे. मात्र दोन्ही स्थानके शहराबाहेर आहेत, आणि सामानाच्या तपासणीत चाकू-कात्री आणि फवाऱ्याचे डबे काढून घेतात. माझ्यासमोर एका गृहस्थांचा डासांचा स्प्रे आणि दाढीचा फेस दोन्ही टोपलीत गेले.

आग्नेयवारी:
मी म्हणेन, लाओस राहू द्या आणि व्हिएतनामला जा. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, आणि हनोई ते होई आनपर्यंत पाहण्यासारखे इतके आहे की एक सुट्टी पुरणार नाही.

पाटीपेन्सिल:
ताई, आपण थायलंडमध्ये नेमक्या कुठे राहता, किती जण जाणार आहात आणि परतायचे कधी आहे, हे समजल्याशिवाय नाव की रेल्वे हे कोणी कसे सांगावे?

खडूफळा:
@आग्नेयवारी, व्हिएतनामचा प्रश्न मी विचारलेला नाही. @पाटीपेन्सिल, मी उदोन थानीला राहते. सोबत आई आहे, ती नाशिकहून येणार आहे. वय चौसष्ट, गुडघे थोडे दुखतात, पण चालते व्यवस्थित. दुसरे सत्र १ नोव्हेंबरला सुरू होते.

रुळावरून:
मग प्रश्न संपलाच. उदोन थानीहून सीमेवरचे नोंग खाई पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि तिथला मेकाँगवरचा मैत्री पूल ओलांडला की व्हिएंतियान. च्यांग खोंग गाठायचे तर त्याआधी सगळा उत्तर थायलंड आडवा पार करावा लागेल. पुलावरून चालत जाऊ देत नाहीत, तिथली बस घ्यावी लागते. उदोनहून थेट व्हिएंतियानची बसही आहे, परंतु सीमेवर व्हिसा काढेपर्यंत ती थांबेलच असे नाही. त्यामुळे नोंग खाईपर्यंत वेगळे जाणे बरे.

जुना भटक्या:
मातोश्री येणार हे आधी कळते, तर मीही बेताने बोललो असतो. पाकबेंगला धक्का असा नाहीच. फळीवरून उतरून मातीचा चढ आणि पायऱ्या चढाव्या लागतात, तेही सामान घेऊन. तरीही मेकाँगवर बसल्याशिवाय लुआंग प्रबांग पाहिले म्हणू नये. रेल्वेने पोहोचून पाक ऊच्या गुहांपर्यंत अर्ध्या दिवसाची नाव करावी. नाम ऊ आणि मेकाँगच्या संगमासमोरच्या कड्यात त्या आहेत आणि आत बुद्धमूर्तींची दाटी आहे. वरच्या गुहेचा चढ आईंना झेपला नाही, तर खालची गुहाही पुरेशी आहे.

मास्तर बँकॉकचे:
व्हिसाबद्दल सांगू नये असे लिहिले आहे, तरी सांगतो, कारण आपली नोकरी त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे 'री-एंट्री परमिट' आहे का?

खडूफळा:
ते काय असते? शाळेच्या कार्यालयातील बाई म्हणाल्या की व्हिसा एक वर्षाचा आहे, त्यामुळे काळजी नाही.

मास्तर बँकॉकचे:
आपण मे महिन्यात आला असाल, तर बहुधा ९० दिवसांच्या नॉन-बी, म्हणजे नोकरीसाठीच्या, व्हिसावर, आणि शाळेने पुढे वर्षभराच्या वास्तव्याची मुदतवाढ काढली असेल. पासपोर्टवरचा जो शिक्का कार्यालयाला 'वर्षाचा व्हिसा' वाटतो, तो देशात राहण्याच्या परवानगीचा आहे आणि थायलंडबाहेर पाऊल टाकताच ती परवानगी रद्द होते, जर आधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, काढलेले नसेल. सीमेवर कोणी अडवणार नाही, हीच यातली फसगत. परतताना आपल्याला पर्यटक म्हणून प्रवेशाचा शिक्का मिळू शकेल आणि सर्व ठीक वाटेल. परंतु नॉन-बी गेलेला असेल आणि शिकवण्याचा कायदेशीर आधारही. मग नवा व्हिसा काढण्यापासून सगळी कागदपत्रे पुन्हा.

प्रांताच्या इमिग्रेशन कार्यालयात टीएम ८ हा अर्ज, फोटो, पासपोर्ट आणि त्याच्या प्रती द्याव्यात. एका वेळेसाठी १००० बात, अनेक वेळांसाठी ३८०० बात. मोठ्या विमानतळांवर सोय असते, पण आपण रस्त्याने जाणार आहात, म्हणून सीमेवर मिळेल या भरवशावर निघू नये. आणखी एक: परत आल्यावर ९० दिवसांच्या हजेरीची (दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवण्याची) मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

पाटीपेन्सिल:
मास्तरांच्या म्हणण्याला दुजोरा. माझ्या शाळेतील एक फिलिपिनो सहकारी अशाच सुट्टीनंतर सत्राचे पहिले काही आठवडे वर्गाबाहेर बसला होता, आणि त्याच्या वर्गांची भर आमच्यावर पडली.

हिरवी मिरची:
आई शाकाहारी असतील असे धरून लिहिते. ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा चिनी शाकाहारी उत्सव असतो. तेव्हा थायलंडमध्ये लाल अक्षरांचे पिवळे झेंडे लावलेल्या गाड्यांवर मासळीचा सॉसही वापरत नाहीत. मात्र लसूण-कांदाही नसतो, त्यामुळे सोबत ठेचा असावा. लाओसमध्ये चिकट भात सगळीकडे मिळतो.

खडूफळा:
आई मासे खाते. @मास्तर, मुदतवाढीचाच शिक्का आहे, आताच पाहिला. सोमवारी इमिग्रेशनला जाते. रेल्वे आणि पाक ऊची नाव हे ठरले. आईला यातले काय लागेल?

मास्तर बँकॉकचे:
त्यांना री-एंट्री परमिट लागणार नाही. परंतु पैसे भरून एका प्रवेशाचा थाई व्हिसा काढला असेल, तर लाओसला जाताच तो संपेल, म्हणून पर्यटकांच्या व्हिसामाफीवर येणार आहेत का हे पाहून घ्यावे. मे २०२५ पासून थायलंडचे डिजिटल आगमनपत्र बंधनकारक आहे आणि ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येते. आईंना ते भारतातून येताना आणि लाओसहून परतताना असे दोनदा भरावे लागेल, परतताना आपल्यालाही. लाओसचा व्हिसा पुलापाशी दोघींना मिळेल, त्यासाठी फोटो आणि डॉलर जवळ ठेवा. नोटा कोऱ्या असाव्यात, घडी पडलेल्या किंवा फाटक्या नोटा खिडकीतून परत येतात.

आग्नेयवारी:
व्हिएतनामच्या ई-व्हिसाला नोटाच लागत नाहीत, एवढेच नमूद करतो.