झाडावरचा बिबट्या : डार्ट नेमका मारायचा कुठे?

खंडवारोडकर

नमस्कार मंडळी. अमेरिकेत प्यूमाची, म्हणजे तिथल्या डोंगरी सिंहाची, शिकार कुत्रे लावून करतात. कुत्रे त्याला झाडावर चढवतात आणि शिकारी खालून गोळी घालतो. तिकडचे जाणकार एकच गोष्ट घोकून घेतात : जनावर आडवं दिसेपर्यंत थांबा, पुढच्या पायाच्या लगेच मागे नेम धरा, एका गोळीत संपलं पाहिजे.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच नाही, पण झाडावरचा बिबट्या इंदूरला नवा नाही. रालामंडल, चोरल, मानपूर हा सगळा पट्टा त्याचाच आहे आणि वस्ती आता पार तिथवर पोचली आहे. गावकरी आणि कुत्रे मागे लागले की तो झाडावर चढतो, मग वनखात्याची गाडी येते आणि ‘मारा इंजेक्शन’ म्हणून ओरडा सुरू होतो.

रेस्क्यूच्या कामात मदतनीस म्हणून उतरू पाहणाऱ्या पोरांसाठी टिपण तयार करतो आहे. डार्टची, म्हणजे बंदुकीतून मारायच्या भुलीच्या सुईची, जागा गोळीसारखीच असते का? झाडाखाली उभं राहून मारता येतो का? आणि डार्ट लागूनही जनावर झोपत नाही, असं का होतं?

पशुवैद्य_महू

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण गोंधळ तिथेच आहे. गोळी जिथे लागायला हवी, नेमकी तीच जागा डार्टला वर्ज्य. गोळी हृदय आणि फुप्फुसं शोधत जाते. डार्टला हवा असतो जाड, रक्ताने भरलेला स्नायू. बिबट्याच्या बरगड्या बारीक असतात. त्यांच्या फटीतून सुई आत गेली तर छातीत हवा शिरते आणि फुप्फुस आक्रसतं. मग आपण त्याला वाचवायला गेलो होतो, हे सांगायलाही तोंड राहत नाही.

पहिली पसंती मागच्या मांडीला. बाहेरची बाजू, मांडीच्या हाडाच्या मागे, वरच्या अर्ध्या भागात जिथे मांस सगळ्यात जाड असतं तिथे. दुसरी पसंती खांद्याला, म्हणजे फऱ्याचं हाड आणि कोपर यांच्यामधला फुगीर भाग. पण ही जागा लहान आहे आणि तिला लागूनच छाती आहे. जनावराने अर्धं पाऊल टाकलं तरी डार्ट बरगड्यांत. म्हणून मांडी दिसत असेल तर खांद्याच्या मागे लागू नये.

डोकं, मान, पोट, कूस, पाठीचा कणा, शेपटीचं मूळ आणि गुडघ्याखालचा पाय या जागा बाद. कुशीवर लोक फार फसतात. लांबून ती भरीव दिसते, पण तिथे नुसती कातडी आणि पातळ पडदा असतो, सुई सरळ आतड्यात जाते. गुडघ्याखाली हाडाला लागला तर हाड मोडू शकतं.

झाडावर ही ओळख आणखी अवघड होते. बिबट्या फांदीवर पोट टेकून, चारही पाय दोन्हीकडे सोडून पडलेला असतो. खालून बघणाऱ्याला मांडी दिसते खरी, पण ती आतली बाजू असते. तिथे मोठी रक्तवाहिनी अगदी वरवर असते, शेजारी जांघ आणि पोट. हा नेम घ्यायचाच नाही. तो उठून वळेपर्यंत किंवा दबा धरून बसेपर्यंत थांबायचं. दबून बसला की बाहेरची मांडी गोल वर येते, तेव्हा संधी असते.

म्हणून बुंध्याशी उभं राहू नये. मागे सरकत जावं, म्हणजे कोन उतरतो आणि पोटाऐवजी कड दिसू लागते. सुई स्नायूत काटकोनात शिरायला हवी. तिरकी लागली तर औषध कातडीखालीच साचतं. बिबट्याची कातडी सैल असते, त्यामुळे हे वारंवार होतं, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे.

उरलेलं अर्धं औषधात. आपल्याकडे झायलाझिन आणि केटामिन या भुलीच्या औषधांची जोडी वापरतात. बिबट्याला किलोमागे साधारण १.५ मि.ग्रॅ. झायलाझिन आणि ५ मि.ग्रॅ. केटामिन हा सुरुवातीचा अंदाज. ५० किलोच्या नराला झाले ७५ आणि २५० मि.ग्रॅ. दोन्ही औषधं मि.ली.ला १०० मि.ग्रॅ. ताकदीची असतील तर एकूण ३.२५ मि.ली. आणि ३ मि.ली.चा डार्ट तिथेच अपुरा पडला. केटामिन ५० ताकदीचं असेल तर हिशेब ५.७५ मि.ली.वर जातो, म्हणजे ५ मि.ली.चा डार्टही पुरत नाही. मग कुणीतरी ‘बसेल तेवढं भरा’ म्हणतो. अर्धवट डोस हा पूर्ण डोसपेक्षा धोक्याचा : जनावर झोपत नाही, नुसतं झिंगतं, आणि झिंगलेला बिबट्या गर्दीत उतरतो. झायलाझिनची कोरडी पावडर मिळाली तर ती १०० ताकदीच्या केटामिनमध्येच विरघळवावी, आकारमान २.५ मि.ली.च्या जवळपास राहतं.

वजनाचा अंदाज घाईत नेहमी जास्त होतो. फुगलेल्या शेपटीचा, फिसकारणारा बिबट्या ७० किलोचा वाटतो आणि निघते ३५ किलोची मादी. आणि तासभर दगड, फटाके, आरडाओरडा सोसलेल्या जनावरावर तोच डोस उशिरा आणि कमी चढतो. डोस पशुवैद्यानेच ठरवायचा, हे मदतनिसांच्या टिपणात ठळक लिहा.

रेंजवाला_काका

डॉक्टरांनी नेम सांगितला. मी म्हणतो, बहुतेक वेळा नेम धरायचीच गरज नसते.

झाडावरचा बिबट्या अडकलेला नसतो, बसलेला असतो. खालची माणसं गेली की तोही जातो. गर्दी दूर हटवा, कुत्रे बांधा, दिवे बंद करा, जंगलाकडची बाजू मोकळी ठेवा. अंधार पडल्यावर तो मुकाट उतरून निघतो. केंद्राच्या २०११च्या बिबट्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांचा सूरही हाच आहे की पकडणं शेवटी.

कायद्याचं थोडक्यात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि पकडणं हासुद्धा शिकारीतच मोडतं. भूल देऊन पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो, कलम ११ खाली, कारणासकट. ‘वरून फोन आला’ म्हणजे आदेश नव्हे. जमाव आवरायला पोलीस आणि प्रशासन. जमावबंदीचं पूर्वीचं कलम १४४ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ आहे.

डार्ट मारायचाच ठरला तर उंची बघा. औषध चढलं की पकड सुटते आणि जनावर खाली येतं. दोन माणसांच्या उंचीपर्यंत जाळ्याने सावरता येतं. त्याहून वर असेल, खाली विहीर, कुंपणाचे भाले, दगड किंवा विजेची तार असेल, तर डार्ट नको, असं माझं स्पष्ट मत. जाळं हातात धरायला आठ-दहा माणसं लागतात आणि बिबट्या घसरू लागला की निम्मी पळतात. त्यापेक्षा जाळ्याचे कोपरे आजूबाजूच्या झाडांना बांधा, थोडा झोळ ठेवा, खाली कडब्याच्या पेंढ्या किंवा गाद्या टाका. जाळं आधी लागतं, बंदूक नंतर भरायची. उलटं केलं की गडबड ठरलेली.

खंडवारोडकर

काका, डॉक्टर, आभार. बंदुकीचं कुणी सांगेल का? डार्ट उडवणाऱ्या वायूचा दाब किती ठेवायचा, हा प्रश्न पोरं हमखास विचारतात.

नेमबाज_राजवाडा

आकडा मागू नका, तक्ता मागा. प्रत्येक बंदुकीबरोबर अंतर आणि दाब यांचा तक्ता येतो आणि तो डार्टच्या आकारमानाप्रमाणे बदलतो. ३ मि.ली.चा दाब ५ मि.ली.ला चालत नाही. शिवाय तक्ता कंपनीचा, बंदूक तुमची. म्हणून डार्टमध्ये औषधाइतकंच पाणी भरून १०, १५ आणि २० मीटरवर पुठ्ठ्याच्या निशाणावर मारून बघायचं आणि आपली नोंद बंदुकीच्या पेटीत चिकटवायची.

दाब जास्त झाला तर डार्ट हातोड्यासारखा बसतो. स्नायू फाटतो, रक्त साकळतं आणि त्या साकळलेल्या रक्तातून औषध नीट शोषलंही जात नाही. किंवा आपटून उलटा उडतो. कमी पडला तर सुई कातडीत अडकते आणि औषध बाहेर गळतं. भीतीपोटी बहुतेक जण दाब जास्तच ठेवतात.

सुईची रचना पोरांना हातात देऊन दाखवा. टोक बंद असतं, भोक बाजूला असतं आणि त्यावर रबरी नळी सरकवलेली असते. सुई कातडीत घुसली की नळी मागे सरकते, भोक उघडतं आणि मागच्या कप्प्यातली दाबलेली हवा औषध ढकलते. नळी सैल असेल तर औषध हवेतच गळतं. घट्ट किंवा जुनी, कडक झालेली असेल तर सरकतच नाही. डार्ट मांडीला सुरेख लागला, वीस मिनिटं काही नाही, खाली पडलेला डार्ट उचलला तर औषध तसंच आत : याचं कारण बहुतेकदा ही दोन रुपयांची नळी असते. बिबट्याला २५ ते ३० मि.मी. लांबीची सुई पुरते. हत्ती-गव्याची लांब सुई लावली तर हाड गाठते.

वर मारताना आणखी एक. तुमच्यापासून जनावरापर्यंतचं तिरकं अंतर १५ मीटर आणि जमिनीवरून बुंध्यापर्यंतचं १२ मीटर असेल, तर डार्टची घसरण १२ मीटरच्या हिशेबाने होते. १५ धरून दाब लावला तर डार्ट नेमापेक्षा वर बसतो, म्हणजे मांडीऐवजी कंबरेच्या हाडावर. आणि नेमाच्या रेषेत एक काडीही नको. डार्टचा वेग गोळीपुढे काहीच नाही, पानाला घासला तरी दिशा बदलतो.

पशुवैद्य_महू

त्या अमेरिकन शिकाऱ्यांकडून एक गोष्ट जरूर घ्यावी. नीट वागणारा शिकारी गोळीआधी सगळे कुत्रे झाडापासून दूर नेऊन बांधतो, कारण जखमी प्यूमा कुत्र्यांमध्ये पडला तर दोघांचे हाल. झाडाखाली थांबून मादी आहे का, सोबत पिल्लं आहेत का, हेही बघतो. तिथले संशोधक गळ्यात माग काढायचा रेडिओ पट्टा बसवायला कुत्र्यांच्याच मदतीने प्यूमा झाडावर चढवतात, पण मांडीत डार्ट मारतात आणि दोर लावून खाली उतरवतात. कुत्र्यांवरून तिथेही एकमत नाही : कॅलिफोर्नियाने १९९०मध्ये प्यूमाची शिकारच बंद केली, ओरेगॉनने १९९४मध्ये आणि वॉशिंग्टनने १९९६मध्ये त्यासाठी कुत्रे वापरायला मतदानाने बंदी घातली. आपल्याकडे बिबट्यामागे कुत्रे सोडणं हा सरळ गुन्हा आहे.

आता डार्ट लागल्यानंतरचं. घड्याळ लावा आणि गप्प राहा. साधारण १० ते १५ मिनिटं लागतात. पहिल्यांदा मागचे पाय लटपटतात, मग मान खाली येते. याच वेळी कुणी शिट्टी मारली तर औषधाचा अर्धा असर उतरतो. फांदीच्या बेचक्यात मान दुमडून झोपला तर श्वास कोंडतो, तेव्हा शिडी आणि चढणारा माणूस तयार हवा. जवळ जाण्याआधी लांब काठीने आधी पाठीला, मग कानाला स्पर्श. कान हलला तर मागे फिरायचं. दोर पुढच्या पायांमागून छातीला आणि मागे कंबरेला, गळ्याला कधीच नाही.

खाली आणल्यावर कुशीवर झोपवा, तोंड थोडं उताराला. झायलाझिनने मांजरकुळाला उलटी होते आणि ती श्वासनळीत गेली तर नंतर न्यूमोनिया. केटामिनमध्ये डोळे उघडेच राहतात, म्हणून डोळ्यांत मलम आणि वरून काळं फडकं. गुदद्वारातून तापमान दर पाच-दहा मिनिटांनी : ४० अंशांच्या वर गेलं की जांघेत आणि पोटाला पाणी, ४१ म्हणजे आणीबाणी. आपल्या मे महिन्यात दुपारी डार्ट मारूच नये, हे त्यामुळेच.

खंडवारोडकर

आणि शुद्धीवर आणायचं औषध लगेच द्यायचं का?

पशुवैद्य_महू

नाही. योहिंबिन फक्त झायलाझिन उतरवतं, केटामिनवर उतारा नाही. घाई केली तर नुसतं केटामिन मागे उरतं आणि जनावर ताठ होऊन झटके देतं. डार्टपासून निदान ४० मिनिटं जाऊ द्या, तोवर पिंजऱ्यात घालून सावलीत ठेवा.

डार्ट उपटूनही काढू नका. कडं असलेली सुई स्नायू ओरबाडते. पात्याने कातडीला एक लहान छेद द्या, सुई सरळ रेषेत बाहेर घ्या, जखम आतपर्यंत सलाइनने धुवा, प्रतिजैविक द्या आणि टाके न घालता उघडी ठेवा. बंद केली की आत पू होतो.

रेंजवाला_काका

चुकलेला डार्ट सापडेपर्यंत जागा सोडायची नाही. भरलेला डार्ट गवतात राहिला आणि पोराच्या हाती लागला, तर त्याचं उत्तर कोण देणार? किती भरले, किती मारले, किती परत आले, याचा हिशेब पंचनाम्यातच लिहा.